क्रिकइन्फोचं भांडार नक्की कुणाचं?

स्क्वेअरकट (धागाकर्ता)

कुठल्याही क्रिकेटपटूचं नाव शोधलं की क्रिकइन्फो या संकेतस्थळाचं पान वर येतं आणि आपण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. तो विश्वास बऱ्याच अंशी रास्त आहे. पण धावफलकांचं हे भांडार कुणी भरलं आणि कुणी विकलं, यावर मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

१५ मार्च १९९३ ला सायमन किंग या ब्रिटिश संशोधकाने अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातून हे सुरू केलं. तेव्हा ते संकेतस्थळ नव्हतं, आयआरसी या जुन्या इंटरनेट चॅटवरचा एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम होता. परदेशी विद्यापीठांत शिकणारी भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन मुलं त्याभोवती जमली. चेन्नईचे बद्री शेषाद्री त्यातलेच, पुढे त्यांनी फार मोठा भार उचलला. 'डगी' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हौशी लोक चालू सामन्याचा एकेक चेंडू टाइप करायचे. दुसरीकडे जुने धावफलक एकेक करून उतरवून पाठवले जायचे. हे सगळं विनामोबदला.

मग मालकी. २००० मध्ये सत्यम इन्फोवे या भारतीय इंटरनेट कंपनीने, म्हणजे पुढच्या सिफीने, २५ टक्के हिस्सा घेतला. २००३ मध्ये गेटी कुटुंबाच्या विस्डेन ग्रुपने क्रिकइन्फो विकत घेतलं. जून २००७ मध्ये ते ईएसपीएन या अमेरिकन क्रीडा वाहिनीकडे गेलं. ईएसपीएन म्हणजे बरीच वर्षं ८० टक्के डिस्ने आणि २० टक्के हर्स्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या एनएफएल या फुटबॉल लीगला ईएसपीएनचा १० टक्के हिस्सा देण्याचा करार जाहीर झाला. रणजी सामन्याच्या धावफलकाचं भवितव्य अमेरिकन फुटबॉलच्या व्यवहारात एक तळटीपही नसेल.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीचं नाव, कार्यालयं, जाहिरातीचे करार विकायला कंपनी मोकळी होती. पण लोकांनी उतरवून दिलेले धावफलक विक्रीआधी वेगळे काढून एखाद्या विश्वस्त संस्थेकडे द्यायला हवे होते. ते झालं नाही आणि ते चूक झालं.

फॉलोऑन

असहमत. वेगळे काढून कुणाला देणार होते? कोण सांभाळणार होतं?

त्या दोन-तीन वर्षांचा हिशोब बघा. सत्यम इन्फोवेने रोख रक्कम दिलीच नव्हती. ३.७ कोटी डॉलरच्या घरातले स्वतःचे शेअर दिले होते. त्यातले साधारण २.२ कोटींचे शेअर सुरुवातीच्या गुंतवणूकदारांचे पैसे चुकवण्यात गेले. उरलेले विकेपर्यंत डॉटकॉमचा बाजार कोसळला होता, हाती आले ६० लाख पौंडांच्या आसपास. खर्च मात्र रोखीत चालला होता: नऊ देशांत मिळून १३० माणसं, शिवाय प्रायोजकत्व. २००० चा न्यूझीलंडमधला महिला विश्वचषक क्रिकइन्फोच्या नावाने झाला, २००१ ची इंग्लंडमधली काउंटी स्पर्धाही. मूल्यांकन १५ कोटी डॉलरचं आणि पगाराला पैसे नाहीत, अशी ती अवस्था.

त्यातूनही २००२ च्या अखेरीस दर महिन्याला कामकाजात नफा दिसू लागला होता. अडकलं ते कर्जात. त्याच काळात स्पोर्टल आणि स्पोर्ट्स डॉट कॉम ही क्रीडा संकेतस्थळं कोसळली. विस्डेनने घेतलं नसतं तर क्रिकइन्फोचंही तेच झालं असतं.

हौस फुकट असते, सर्व्हर नसतो. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याला एकाच वेळी येणारे लाखो वाचक झेलायला लागणारी यंत्रणा एखादी विश्वस्त संस्था कुठून आणणार? 'द अ‍ॅथलेटिक' बघा, हे क्रीडा संकेतस्थळ २०१६ मध्ये वर्गणीवर सुरू झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला ५५ कोटी डॉलरला विकलं गेलं. चांगली क्रीडा पत्रकारिता महाग असते. ती कुणाच्या तरी खिशावर उभी राहते.

स्क्वेअरकट

@फॉलोऑन, आकडे मान्य. पण तुम्ही दोन कामं एकत्र केलीत. चालू सामन्याचं समालोचन हे महागडं काम आहे, त्याला सर्व्हर, पगार, जाहिराती सगळं लागतं. जुन्या धावफलकांचं भांडार हे स्वस्त काम आहे. लाखभर धावफलक नुसत्या मजकुराच्या फायलींत ठेवले तर एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावतात.

आणि हे करून दाखवलेलं आहे. अमेरिकेत रेट्रोशीट नावाची ना-नफा संस्था १९८९ पासून बेसबॉलच्या जुन्या सामन्यांच्या नोंदी स्वयंसेवकांकडून गोळा करते. ती थेट समालोचन करत नाही, पत्रकारिता करत नाही. भांडार कुणीही उतरवून घ्यावं, अगदी धंद्यासाठीही वापरावं, अट एकच, श्रेयाची ओळ छापायची. तिच्यावर विकलं जायची वेळ आली नाही, कारण विकण्याजोगं काही तिने स्वतःकडे अडवूनच ठेवलं नाही. क्रिकेटमध्येही आता क्रिकशीट आहे, चेंडू-चेंडूची माहिती संगणकाला वाचता येणाऱ्या जेसन फायलींत मोफत देतं. पण त्याचा भर अलीकडच्या सामन्यांवर आहे. १९४८ ची रणजी तिथे मिळणार नाही.

पार्ल्याचा_वकील

'चूक झालं' आणि 'बेकायदा झालं' यात फरक आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

धावसंख्या ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. आपल्याकडे हा वाद थेट लढला गेलेला आहे. स्टार इंडियाने मोबाईलवर स्कोअर पाठवणाऱ्यांना दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं, त्यात क्रिकबझ हे संकेतस्थळही होतं. २०१३ मध्ये एकल न्यायमूर्तींनी अट घातली की परवाना नसेल तर धावसंख्या १५ मिनिटं उशिराने द्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खंडपीठाने ती उलटवली. स्टार तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली.

आता संग्रहाचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय डेटाबेस साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो. पण डिसेंबर २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निव्वळ घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, निवडीत आणि मांडणीत थोडी तरी स्वतःची बुद्धी दिसली पाहिजे. म्हणजे पुस्तकातला धावफलक जसाच्या तसा टाइप करणाऱ्याच्या पदरात भारतीय कायद्याने काहीच पडत नाही.

इंग्लंडमध्ये गोष्ट उलट आहे आणि क्रिकइन्फोची कंपनी इंग्लंडमधली होती. तिथे १९९८ पासून 'डेटाबेस हक्क' वेगळा आहे. माहिती गोळा करायला, तपासायला आणि मांडायला ज्याने भरीव गुंतवणूक केली त्याला १५ वर्षांचं संरक्षण. भरीव भर घातली की मुदत पुन्हा सुरू. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मैदानावरून गोळा केलेल्या फुटबॉलच्या थेट माहितीलाही हे संरक्षण दिलं. थोडक्यात, सुटा धावफलक कुणाचाच नाही, एकत्र केलेला साठा गुंतवणूक करणाऱ्याचा. स्वयंसेवकांना हक्क राखायचा असेल तर तो देतानाच लेखी राखावा लागतो: 'वापरायला देतो, मालकी देत नाही.' मागाहून भावना कितीही खऱ्या असल्या तरी कोर्टात त्या चालत नाहीत.

धावफलक

स्क्वेअरकट यांच्या मांडणीतली एक गोष्ट खटकली. धावफलक टाइप झाला की काम संपलं, असं ते गृहीत धरतात. खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते बरंचसं पगारी माणसांनी केलेलं आहे.

धावफलक तपासायची रीत सांगतो. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण, ही पहिली बेरीज. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय आणि पेनल्टी बरोबर एकूण, ही दुसरी. गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद बरोबर पडलेले गडी, ही तिसरी. फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज बरोबर वैध चेंडू अधिक नोबॉल, ही चौथी, कारण नोबॉल फलंदाजाच्या खात्यात धरला जातो, वाइड धरला जात नाही.

आता जुन्या सामन्यांत यातलं काय बिघडतं? ऐंशीच्या दशकापर्यंत वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लावत नव्हते, त्यामुळे दुसरी बेरीज आजच्या सूत्राने जुळतच नाही. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं, सहाने गुणलं की सगळा हिशोब कोलमडतो. चौथी बेरीज तर बहुतेक जुन्या सामन्यांना लावताच येत नाही, कारण खेळलेले चेंडू कुणी छापलेच नाहीत. म्हणून जुन्या खेळाडूंच्या चेंडूंच्या किंवा चौकारांच्या आकड्यापुढे अधिकचं चिन्ह दिसतं: 'किमान एवढे'. ते चिन्ह न बघता गावसकरच्या आणि आजच्या सलामीवीराच्या वेगाची तुलना करणारे लेख रोज येतात.

नावांचा गोंधळ याहून मोठा. 'एस. पाटील, कसोटीपटू' म्हटलं तर कोण? १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत एकमेव कसोटी खेळलेले कोल्हापूरचे सदाशिव पाटील, की मुंबईचे संदीप पाटील? वर्षं दूरची म्हणून हे दोघे सहज सुटतात. पण एकाच मोसमात महाराष्ट्र आणि मुंबई संघांतले दोन जाधव, दोन शिंदे एकाच आद्याक्षराचे असले की निव्वळ नावावरून सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक खेळाडूला कायमचा क्रमांक द्यावा लागतो. तेंडुलकरचा क्रिकइन्फो क्रमांक ३५३२०. स्क्वेअरकट ज्या क्रिकशीटचं कौतुक करतात, त्याच्या खेळाडू-सूचीतही क्रिकइन्फोचा क्रमांक जोडलेला असतो. मोफत भांडारालाही ही ओळखपत्रं लागलीच.

एकच धावफलक जवळून बघा. पुणे, डिसेंबर १९४८, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, कमल भांडारकर २०५, दुसऱ्या गड्यासाठी ४५५ ची भागी. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला. आता हा सामना संगणकात भरा. निकालाच्या रकान्यात काय लिहिणार? धावांनी विजय नाही, गड्यांनी नाही, डावाने नाही, अनिर्णितही नाही. 'प्रतिस्पर्ध्याने सामना सोडला' हा पर्याय आधी कुणीतरी तयार करावा लागतो, आणि मग विजयांची आकडेवारी काढणाऱ्या प्रत्येक सूत्राला तो शिकवावा लागतो. ट्रॅव्हिस बसेवी यांचं स्टॅट्सगुरू, म्हणजे क्रिकइन्फोवरचं आकडेवारी शोधायचं साधन, हे असल्या शेकडो अपवादांवर उभं आहे. त्या कामाला मोल आहे आणि ते मालकाने चुकवलं आहे.

स्क्वेअरकट

@धावफलक, प्रतिसाद जपून ठेवतो. तपासणीचं श्रेय त्यांचं, एकदम मान्य. पण तपासणीला कच्चा माल लागतो आणि तो फुकट आला. तपासलेला साठा कंपनीने ठेवावा, कच्च्या फायली सगळ्यांना खुल्या कराव्यात, एवढं तरी शक्य होतं.

मिडऑफ

भांडाराचा वाद चालू द्या. मला बातमीची काळजी जास्त आहे, कारण मालकीचा खरा धोका तिथे आहे.

तारखा जुळवा. डिसेंबर २००६ मध्ये ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सने आयसीसी स्पर्धांचे २००७ ते २०१५ चे प्रक्षेपण हक्क सुमारे १.१ अब्ज डॉलरला मिळवले. त्या कंपनीत ईएसपीएनचा निम्मा वाटा होता. सहा महिन्यांनी ईएसपीएनने क्रिकइन्फो घेतलं. म्हणजे आयसीसीवर बातम्या लिहिणाऱ्यांचा मालक आयसीसीचा सर्वांत मोठा ग्राहक झाला. २०१२ मध्ये ईएसपीएनने तो वाटा विकला, सुटलो म्हणेपर्यंत मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा पसारा घेतला आणि त्यातून स्टार इंडिया आलं. स्टारकडे तेव्हा आयपीएलचे २०१८ ते २०२२ चे हक्क होते, १६,३४७.५ कोटी रुपयांचे. पुन्हा एकच छत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया रिलायन्सच्या माध्यम व्यवसायात विलीन होऊन जिओस्टार झालं. त्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के उरला, सूत्रं रिलायन्सकडे गेली. छत लहान झालं, गेलं नाही.

दुसरीकडे क्रिकबझ. २००४ मध्ये तिघा मित्रांनी सुरू केलं, २०१४ मध्ये टाइम्स इंटरनेटने बहुसंख्य हिस्सा घेतला. स्पोर्ट्सकीडा या क्रीडा संकेतस्थळावर २०१९ पासून नझारा टेक्नॉलॉजीजचं नियंत्रण, जिचा मूळ धंदा मोबाईल गेमिंगचा. सामान्य वाचकाला पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतलं कंपनीचं नाव दिसतं, त्यामागची साखळी दिसत नाही. प्रक्षेपण हक्कांविषयीच्या प्रत्येक बातमीखाली 'आमच्या मालक समूहाचा या व्यवहारात हितसंबंध आहे' ही ओळ सक्तीची हवी. शेअर बाजारावर लिहिणारे पत्रकार ती लिहितात. क्रीडा पत्रकारांना सूट कशाला?

फॉलोऑन

ओळ छापावी, त्याला माझाही पाठिंबा. पण हितसंबंध आहे म्हणजे लेखणी वाकली, असं होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन मंडळांनी आयसीसीची सत्ता आणि पैसा आपल्याकडे वळवण्याचा मसुदा आणला, तेव्हा त्यातली कलमं उलगडून दाखवणारं आणि त्यावर कडक लिहिणारं संकेतस्थळ क्रिकइन्फोच होतं.

मिडऑफ

२०१४ म्हणजे ईएसपीएन प्रक्षेपणातून बाहेर पडल्यानंतर. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं: हात मोकळे होते तेव्हा लिहिलं.

फॉलोऑन

मग आधीचं घ्या. आयपीएलच्या पहिल्या मोसमात, २००८ मध्ये, संकेतस्थळांच्या वार्ताहरांना मैदानाची अधिस्वीकृतीच नव्हती. मालक ईएसपीएन असूनही दार बंद. तरी रोजचं वार्तांकन झालं, टीव्हीवर सामना बघून झालं, पण झालं. लहान, एकटं संकेतस्थळ त्या वर्षी मंडळाची मर्जी सांभाळत बसलं असतं. मोठ्या मालकाचा हाही एक उपयोग असतो.

आणि जाहिरातीचं विसरू नका. मोठा मालक नको तर पैसा कुठला? गेली काही वर्षं क्रिकेटच्या पानांवर फँटसी लीगच्याच जाहिराती होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनने भारतीय संघाचं प्रायोजकत्वही सोडलं. एकाच प्रकारच्या जाहिरातदारावर तगलेल्या लहान संकेतस्थळाला असा एक कायदा पुरतो.

मिडऑफ

दार बंद असताना तुम्ही टीव्हीवरून लिहू शकता, हे मान्य. टीव्हीच मालकाचा असला की प्रश्न बदलतो, एवढंच म्हणतो. सहमत होणार नाही आपण.

पंचगंगा_एंड

तुमचा सगळा वाद २००३ आणि २००७ चा आहे. तोच व्यवहार आज आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे, तिकडे बघा.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा, तालीम मंडळांचे चषक, शालेय सामने, सगळ्यांची नोंद आता मोबाईलवरच्या स्कोअरिंग अ‍ॅपवर होते. सीमारेषेजवळच्या खुर्चीत बसलेला पोरगा चेंडू-चेंडू टाइप करतो, फुकट. कागदी स्कोअरबुक बंद झालं. अ‍ॅपची कंपनी उद्या विकली गेली किंवा बुडाली तर जिल्ह्याच्या दहा वर्षांच्या क्रिकेटचा कागदही हातात राहणार नाही. मुंबईत आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारख्यांनी हाताने नोंदी ठेवल्या म्हणून जुनं काही शिल्लक आहे. जिल्ह्यांत तसं कोण होतं?

आयोजकांनी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. अ‍ॅपवर नोंद करा, पण सामना संपल्यावर मैदान सोडण्याआधी पूर्ण धावफलक पीडीएफमध्ये किंवा स्क्रीनशॉटमध्ये घ्या आणि @धावफलक यांनी वर सांगितलेल्या पहिल्या तीन बेरजा तिथेच जुळवा. चूक त्याच संध्याकाळी सापडली तर दोन्ही कर्णधार समोर असतात, आठवड्याने कुणालाच काही आठवत नाही. सर्वांत जास्त चुका दोन ठिकाणी होतात: लेगबाय फलंदाजाच्या नावावर जातो, आणि धावबादचा बळी गोलंदाजाला लागतो. मग एका साध्या तक्त्यात ओळी भरा: तारीख, मैदान, संघ, खेळाडूचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, धावा, चेंडू, कसा बाद, गोलंदाज, झेल कुणाचा. फाइल सीएसव्ही ठेवा, कुठल्याही संगणकावर उघडते. तीन प्रती: एक आयोजकाकडे, एक जिल्हा संघटनेकडे, एक गावच्या वाचनालयात. आणि वकीलसाहेब म्हणाले तसं पहिल्याच ओळीत लिहा, 'कुणीही वापरावं, श्रेय द्यावं.'

पार्ल्याचा_वकील

एक दुरुस्ती सुचवतो. शालेय सामन्यांत खेळाडू अठराच्या आतले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि शाळा असा पूर्ण तक्ता खुला करू नका.

धावफलक

वडिलांचं नाव काढलं की दोन शिंदे पुन्हा एक होतात, साहेब. नोंदीतून ते काढून चालणार नाही.

पार्ल्याचा_वकील

मग दोन फायली ठेवा. नावं, जन्मतारखा आणि क्रमांक असलेली एक, ती संघटनेच्या कपाटात. खुल्या फाइलमध्ये फक्त क्रमांक, आडनाव आणि आद्याक्षरं. खेळाडू अठरा वर्षांचा झाला आणि त्याने लेखी होकार दिला की पूर्ण नाव जोडा. संमतीचा कागद स्पर्धेच्या प्रवेशअर्जालाच जोडून घ्या, नंतर पालकांना गाठणं जमत नाही.

पंचगंगा_एंड

हे करता येईल. प्रवेशअर्ज तसाही प्रत्येक संघाकडून भरून घेतोच. खेळाडूच्या क्रमांकासाठी जिल्ह्याची अक्षरं, पहिल्या नोंदीचं वर्ष आणि चार आकडी संख्या असं ठरवू या, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याशी टक्कर होणार नाही. धावफलक, यात काही अडचण दिसते का?

धावफलक

एक दिसते. खेळाडू जिल्हा बदलतो, क्रमांक बदलायचा नाही. एकदा दिला तो कायमचा, मग तो कोल्हापुरातून पुण्याला गेला तरी. नाहीतर सहा महिन्यांत एकाच मुलाचे तीन खेळाडू होतील.